कढईचा वॉल्व मी निवडला

८ सप्टेंबर, सोमवार
औषधाच्या दुकानात फुकट मिळालेली डायरी. निम्मं वर्ष कोरंच राहिलंय, वाया कशाला घालवा. शाळा चौथीपर्यंत, तीही मेंढरं राखून, पण अक्षर ठसठशीत आहे. दुसरं कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

आज नवा बॉयलर आला. नवा म्हणजे सांगलीतल्या एका बंद पडलेल्या लाँड्रीतला, पण आमच्या दारात पहिल्यांदा आला म्हणजे नवाच. जुना शेळीएवढा होता, हा म्हशीएवढा. माझा लेक तानाजी (स्वभाव गरीब, दुधाचा टेम्पो चालवतो) क्रेन घेऊन आला, सगळी वस्ती बघायला. कढई जुनीच ठेवली. तिला दुहेरी तळ आहे. दोन तळांच्या मधून वाफ फिरते, वर दूध आटतं, खवा होतो. साताऱ्यातले पेढेवाले आमच्याच खव्यासाठी अडून बसतात. खवा सून करते, मंगल. देखरेख माझी. देखरेख कुणाला दिसत नाही, पण माणूस दमतं.

संकल्प: दिवाळीला दुप्पट खवा. आणि मंगलला टाकून बोलायचं नाही. आजचं धरायचं नाही, आज सकाळीच बोलून झालं होतं.

१० सप्टेंबर
नात आली, प्रांजल. तानाजीची थोरली. कराडला इंजिनिअरिंग केलं, आता साताऱ्याच्या एमआयडीसीत वॉल्वच्या कारखान्यात सायझिंग करते, म्हणजे कुठल्या यंत्राला केवढा वॉल्व लागतो ते ठरवते. हुशारी माझी. नाक आईचं, त्याला इलाज नाही.

बसली नाही, च्या घेतला नाही, थेट कढईकडे. कढईच्या नळीवर बोटभर सेफ्टी वॉल्व आहे. वाफेचा जोर वाढला की तो आपोआप उघडतो. तो बघून म्हणाली, हा चालणार नाही. नवा बॉयलर तासाला कितीतरी जास्त वाफ करतो. मध्ये जोर कमी करणारं एक यंत्र आहे, तेही जुनं झालंय. ते अडकलं तर बॉयलरची सगळी वाफ कढईत येणार. तेवढी सगळी एकदम बाहेर जाईल एवढा वॉल्व पाहिजे. आणि तो कधी उघडायचा, तर बॉयलरला काय सोसतं ते बघून नाही, कढईला काय सोसतं ते बघून. सगळ्यात कमी सोसणाऱ्याचं माप धरायचं म्हणे.

मला हसूच आलं. आमच्या घरात सगळ्यात कमी सोसणारी मंगल. तिचं माप धरलं असतं तर आम्ही अजून माणदेशात मेंढरांमागं हिंडत असतो.

मी म्हटलं, नळी तेवढीच आहे, आटे बसतात, मग माप बरोबरच की. तर म्हणाली, आटे बसणं म्हणजे माप नव्हे. एवढं शिकवून हे.

एवढ्यात मंगल बोलली. उलथणं चालूच होतं, मानही वर केली नाही. "वॉल्व बदलंस्तवर मी कढईपाशी हुभी ऱ्हाणार न्हाई." लग्न होऊन आल्यापासून तिचं एवढं लांब बोलणं मी ऐकलं नव्हतं. कौतुक वाटलं. परवापर्यंत विसरेल.

१३ सप्टेंबर
विसरली नाही. भांडी घासते, दूध तापवते, कढईपाशी जात नाही. तानाजी टेम्पो सोडून खवा हलवतो आणि तो करपतो.

मी कुठल्याही गोष्टीचं टेन्शन घेत नाही. उद्या स्वतः सांगलीला जाऊन वॉल्व आणते. प्रांजलनं कागदावर आकडे लिहून ठेवलेत, ते नेणार नाही. नजरेनं मेंढराचं वजन सांगणारी मी, मला कागद कशाला.

१४ सप्टेंबर
एसटीत खिडकी मिळाली. शेजारी तासगावची एक बाई होती, तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकून वाईट वाटलं. काही सासवांना जमतच नाही.

दुकानदार अजीम. चांगला माणूस, पण प्रश्न फार. वाफ तासाला किती? म्हटलं, भरपूर. कढईला सोसतं किती? म्हटलं, अजून तरी कुरकूर नाही. तर म्हणाला, मावशी, आकडे आणा, नाहीतर नातीला फोन लावा, त्याशिवाय वॉल्व देणार नाही. मी फोनचं ऐकलंच नाही असं केलं आणि फळीवरचे बघत बसले. एक पितळी, तळहातावर मावेल असा, काय चकाकत होता. तो म्हणाला, तो हॉटेलातल्या इडलीच्या भांड्याचा. म्हणजे अन्नाचाच की. खवा काय दगड आहे?

शेवटी घरी इडलीच करायची आहे म्हणून सांगितलं, तेव्हा दिला. स्प्रिंग जरा आवळून दे म्हटलं, म्हणजे फुसफुसायचा नाही, लाकूड वाचेल. त्याला मात्र हात लावीना. म्हणाला, "कंपनीचं शील तोडून आवळला तर त्यो वॉल्व न्हवं मावशी, नुसता बोळा." बोलायला गोड आहे.

येताना बाजारात हळद घेतली, नवरात्राच्या भंडाऱ्याला. सांगलीची ती सांगलीची.

१६ सप्टेंबर
तानाजीनं वॉल्व बसवला. शोभतो. मंगलला म्हटलं, आता हो उभी. तिनं वॉल्व बघितला, मग मला बघितलं आणि विहिरीवर धुणं घेऊन गेली. म्हणून मीच उभी राहणार होते, पण आज गुडघा धरलाय. उद्या एकादशी, रिकाम्या पोटी वाफेजवळ नको. तानाजी उभा राहिला.

वॉल्व सकाळपासून कोकरासारखा रडत होता. सगळं तोंड उघडलं तरी जोर दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा मागं येईना, हळूहळू पुढंच. तानाजीनं घाबरून जळती लाकडं ओढून बाहेर टाकली. भित्रा, बापावर गेलाय. वॉल्व नवा आहे, बुजतो. जनावरही नव्या गोठ्यात पहिले दिवस ओरडतं.

वस्तीवर सांगून आले की मंगलला कामाचा कंटाळा आलाय. वाईट हेतू नव्हता. लोकांनी दुसरं काही समजू नये म्हणून.

२० सप्टेंबर
प्रांजल मोठा वॉल्व घेऊन आली. पगारातून आणला. माझा पितळी काढून हातात दिला, काही बोलली नाही, म्हणजे कुठंतरी पटलं असणार. हा तांब्याएवढा, काळा, रूप काही नाही. त्याच्यापासून एक जाड नळी छपरातून काढून अंगणात उभी केली, बरोबर दारासमोर. पाहुणा आला की पहिलं दर्शन नळीचं.

म्हणाली, नळीचं तोंड कायम मोकळं पाहिजे. झाकायचं नाही, काही लटकवायचं नाही. मला परत म्हणायला लावलं. मी म्हटलं. माझं पाठांतर पहिल्यापासून चांगलं. जोर कमी करणारं यंत्र दिवाळीनंतर बदलायचं ठरलं.

मंगल त्याच दुपारी कढईपाशी उभी राहिली. बघा, शेवटी माझ्या शब्दाला मान दिलाच.

२७ सप्टेंबर
खवा असा होतोय की उलथण्याला चिकटत नाही. जयराज पेढेवाला गाडी घेऊन आला, दसऱ्याची मोठी ऑर्डर. म्हणाला, वाफ एकसारखी लागते, कळतं खव्यात. म्हटलं, वॉल्व मी निवडला. मंगल तिथंच होती. हसली नाही की काही नाही. तिला विनोद कळत नाही, हे तिच्या माहेरचं.

नळी मात्र डोळ्यांत खुपते. काहीतरी करायला पाहिजे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज हत्यारं पुजायची. लोकर कापायची कात्र, कोयते, टेम्पो, कढई, बॉयलर, सगळ्यांवर भंडारा उधळला. आज चूल पेटवायची नाही.

आणि नळीचा प्रश्न सुटला. वर नारळ ठेवला, कळसासारखा. असा बसला की प्रांजलनं नारळ बघूनच नळी घेतली असावी. वाऱ्यानं पडू नये म्हणून लोकरीच्या दोरीनं आवळून बांधला. दोरी मी पिळलेली, बैल तोडणार नाही. आता दार कसं भरल्यासारखं दिसतं. वस्तीतल्या बायका बघून गेल्या.

मंगल म्हणाली, उद्या पहाटे बॉयलर पेटवायचा आहे, त्याआधी नारळ काढा आत्या. हो म्हटलं.

२ ऑक्टोबर, दसरा
सण गेला वाया.

पहाटे मंगलनं आतून विचारलं, नारळ काढला का. छपराखालून नळीचं तोंड दिसत नाही. मी म्हटलं, काढला. खोटं नाही, काढणारच होते, पण उजाडायच्या आत देव उतरवणं बरं दिसत नाही. सोनं वाटून झालं की काढणार होते.

ते जोर कमी करणारं यंत्र आजच अडकलं. वॉल्व उघडला म्हणे वेळेवर, पण वाफेला बाहेर जायला जागा मिळाली नाही, आणि कढईचा जोड उसवला. मंगल होती त्या बाजूनंच. हाताला वाफ लागली. तानाजी तिला टेम्पोतून दवाखान्यात घेऊन गेला, दुधाचे कॅन रस्त्यावर तसेच टाकून. जयराजची ऑर्डर सगळी गेली. भिंतीवर खवा. कोण धुणार?

प्रांजल आली, विळ्यानं दोरी कापली. कापावी लागली. तुटली नव्हती.

नारळ आतून पार शिजला होता. प्रसाद म्हणून फोडून ताटात ठेवला. कुणी घेतला नाही.

५ ऑक्टोबर
मंगलला दवाखान्यातून सोडलं. घरी आली नाही, साताऱ्याला प्रांजलच्या खोलीवर गेली. राहू दे. त्या खोलीत दोन माणसं झोपली तर तिसऱ्यानं उभं राहायचं. येईल चार दिवसांत रडत.

प्रांजल कपडे न्यायला आली होती. मी तिला समजावलं की वॉल्व मोठा घेतला म्हणूनच एवढी मोठी गडबड झाली, पितळी असता तर लहान झाली असती. ती आईची लुगडी घडी करत होती. म्हणाली, "आजी, त्या कढईपाशी तू एकदा तरी उभी राहिलीस का गं?" गुडघ्याचं सांगितलं तिला. पोरीला माझ्या गुडघ्याचं माहीतच नव्हतं.

संकल्प: कढईचा जोड झाळून घ्यायचा आणि उद्यापासून खवा मी करायचा.

६ ऑक्टोबर
आज कोजागिरी. उद्यापासून.

९ ऑक्टोबर
जोड झाळून आला. कढईवर कामाला बायका बघतेय. शेजारची म्हणाली, तुमी आधी हुभ्या ऱ्हावा, मग मी. मला कुणी अशा अटी घातलेल्या आवडत नाहीत.

जयराजचा फोन. मंगलवहिनी आहेत का म्हणाला. म्हटलं, मालकीण बोलतेय. बरं म्हणाला आणि ठेवला. घाईत असेल, दिवाळी तोंडावर आहे.

१२ ऑक्टोबर
आज उभी राहिले. बॉयलर गार होता, पण राहिले. काही भीतीदायक नाही. उगाच बाऊ.

१५ ऑक्टोबर
क्रेन आली. मला वाटलं दुरुस्तीला. बॉयलर, कढई, काळा वॉल्व, नळीसुद्धा, सगळं साताऱ्याला चाललं. प्रांजलनं तिकडं शेड भाड्यानं घेतलीय, ते जोर कमी करणारं यंत्रही नवं बसवणार. तानाजी खाली बघून म्हणाला की तोही बहुतेक तिकडंच झोपेल, पहाटे दूध असतं.

मी परवानगी दिली. बॉयलर तेव्हा हवेत होता, पण दिली.

देखरेखीला कोण म्हणून विचारलं. तानाजी म्हणाला, काटा असतो, आई.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
तानाजी पूजेपुरता आला. पितळी वॉल्व देव्हाऱ्यात ठेवलाय, चकाकी तशीच आहे. मंगल कधी येणार ते अजून कळत नाही. एवढ्या दिवसांत कुणाचाही राग निवतो. मी तर पहिल्या दिवशीच विसरले होते.

ठरवलं: आपणच जायचं आणि तिला चारचौघांत माफ करायचं. मोठ्यानं लहान व्हावं लागतं.

२६ ऑक्टोबर, रविवार
इरकली नेसून साताऱ्याला गेले. रिक्षावाल्याला वाटेत सांगितलं, सुनेचा कारखाना आहे, वॉल्व मी निवडला. तो चांगला बोलत होता.

शेडच्या दारात जमिनीवर पिवळा पट्टा ओढलाय. त्याच्या आत बाहेरच्या माणसानं यायचं नाही. मी पाय टाकला तर एक पोरगी म्हणाली, आजी, तिकडं बसा. खुर्ची दिली. आत चार बायका खवा हलवत होत्या. नळी छपराच्या वर गेलेली, तोंड मोकळं.

मंगल बाहेर आली. पुऱ्या बाह्यांचं पोलकं, पदर दोन्ही खांद्यांवरून. पाया पडली. मी सगळं ठरवून गेले होते. आधी हाताची चौकशी करायची, बायकांच्या कानावर जाईल अशी, मग माफ करायचं, मग घरी चल म्हणायचं. तोंड उघडलं आणि डावा की उजवा तेच आठवेना. चुकीच्या हाताला धरून विचारलं असतं तर केवढं दिसलं असतं. म्हटलं, च्याचा कप देताना कळेल. तिनं दोन्ही हातांनी दिला.

मी तशीच बसले. आत काटा हलला की काय, एका बाईनं तिला हाक मारली. ती जायला निघाली, मग थांबली.

"काय म्हणायचं हुतं का, आत्या?"

म्हटलं, च्यात साखर जास्त पडलीया.