पंधरा टक्के साखर

बाबा, काल मी तुमच्या तीर्थाच्या पळीने दारू प्यायले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली म्हणून एवढ्या धिटाईने सांगतेय, नाहीतर हिमायतनगरच्या त्या घरात माझी काय बिशाद!

तो गुरुवार आठवतो? कंपन्या नुकत्याच पोरीबाळींनाही परदेशी धाडायला लागल्या होत्या. मला ग्रीसला पाठवलं, एका जहाजवाल्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करायला. तुम्ही जामबागच्या शाळेतले गणिताचे मास्तर. परवानगी दिलीत ती देवासमोर शपथ घालूनच. दारूच्या बाटलीला ओठ लावायचा नाही. मी नाहीच लावला. पण आमच्या साहेबांची फर्माईश होती, म्हणून विमानतळावरची सगळ्यांत स्वस्त लाल बाटली आणली, आणि नेमकी ती तुमच्या हाती लागली. आपल्याकडे बाहेरून आलेली वस्तू आधी देवापुढे जायची, मग माणसांत. लेबलावरची अक्षरं तुम्ही बोट लावून वाचलीत: म्यू, आल्फा, रो. ‘‘अगं, ही तर भूमितीच्या माहेरची! द्राक्षाचा रस का?’’ मी मान हलवली. महिन्याभरात पुन्हा जायचं होतं. खरं कळलं असतं तर माझी नोकरी त्याच दिवशी संपली असती. ‘‘आणि हे पंधरा टक्के कशाचे?’’ मी म्हटलं, साखरेचे.

आरती होते आणि तुम्ही तीच बाटली तीर्थ म्हणून वाटायला घेता! मी दाराशी घामाघूम. शेजारच्या काकू म्हणतात, ‘‘काय गोड आहे हो!’’ मलकपेठची घोड्यांची एकही रेस न चुकवणारे खालचे काका पळीभर पितात, डोळे मिटतात आणि तळहात पुन्हा पुढे करतात. ‘‘मास्टरसाब, और थोडा डालो ना. तबीयत खूश हो गई!’’ त्यानंतर ते दर गुरुवारी आरतीला येऊ लागले. मिळायचं तुळशीचं पाणी, पण बिचाऱ्यांनी आशा सोडली नाही. शेवटची पळी तुमची. तुम्हाला जोराचा ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. ‘‘साखर जरा जास्तच झाली गं,’’ म्हणालात आणि बूच घट्ट लावून बाटली कपाटात ठेवून दिलीत. साहेबांची मी बदामांवर बोळवण केली. पुढच्या महिन्यात विमानतळावर सोडायला आलात, तेव्हा शपथबिपथ काही घातली नाहीत.

बाबांना कसं फसवलं, हे मी इतकी वर्षं मैत्रिणींना हसत हसत सांगत आले. काल दुकानात तीच बाटली दिसली. घरी आणली आणि तुमच्या पळीने पहिल्यांदा चाखली. आधी भिजवलेल्या मनुकांसारखी गोड, आणि मग अगं आई गं, घशापासून पोटापर्यंत जाळ! याला रस कुणी शेंबडं पोरसुद्धा म्हणणार नाही. माझ्या वहीतली एक चूक तुमच्या लाल शाईतून कधी सुटली नाही, बाबा. ही साखरेची तेवढी एकच तुम्ही जाणूनबुजून सोडलीत. मी तिथेच खुर्चीत बसून रडले.

हे पत्र कुठे टाकणार? देव्हाऱ्यात, तुमच्या पळीखाली घडी करून ठेवतेय. आणि हो, शपथ मोडलीच आहे तर सांगून टाकते: मी दुसरी पळीही घेतली.