हिंगाची डबी

बंगळूर, ६ ऑगस्ट २००३

ती. आईस, मंजुषाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. शेजारच्या काकूंचा फोन चार दिवस लागत नाही, म्हणून आज गावी निघालेल्या संतोषदादाच्या हाती हे पत्र देतेय.

तुझं पत्र वाचून लगेच लिहायला बसले. आप्पांची साखर तपासायच्या पट्ट्या तू फडक्यात बांधून ठेवल्यास आणि त्यांच्या डबीत हिंग भरलास! आई, ती डबी पट्ट्या कोरड्या ठेवते गं. पावसाळी हवा लागली की पट्टीतल्या इलेक्ट्रोडवरचा, साखर ओळखणारा लेप बिघडतो आणि मशीन साखर आहे त्याहून जास्त दाखवतं. तो लेप टिकावा म्हणून आम्ही इथं लॅबमध्ये दोन वर्षं राबतोय, आणि घरी पट्ट्या पाठवताना एवढं सांगायचं माझ्याकडूनच राहिलं.

आप्पा तोच आकडा बघून इन्शुलिन वाढवतात ना? द्राक्षबागेत त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरले, ते तू थकवा म्हणून लिहिलंस. तो थकवा नव्हता. साखर उतरली होती.

डोस मनाने वाढवू नका. पत्र वाचलं की लगेच डॉक्टरांकडे जा. पुन्हा घाम आला तर आधी साखरपाणी पाजा. जुन्या पट्ट्या फेकून दे, नवी डबी पाठवलीय.

तुझ्यावर रागावले नाही. गुडघा कसा आहे?

निफाडच्या बूथवरून फोन करा. पण "बरे आहेत" असं तू सांगू नकोस. आप्पांनाच बोलू दे.

तुझी,
मंजू