सोलापूर पाहण्याचा कार्यक्रम

जुळे सोलापूर,
मंगळवार, जेवणं झाल्यावर

चि. सोमशेखर यास प्रभुलिंगकाकाचे पोटभर आशीर्वाद. सूनबाई महेश्वरी कशी आहे? तुझी ॲसिडिटी कशी आहे? इकडे माझे गुडघे सोडले तर घरात सगळ्यांचं एकमेकांशी बरं चाललं आहे.

तुझे अनिलकुमारसाहेब टॉवेलच्या नव्या कारखान्यासाठी जागा बघून गेले. कारखाना इथं झाला तर बदली घेऊन घरी येतो, असा शब्द तू तुझ्या आईला दिलास. निंगव्वावहिनी तेव्हापासून तुझी खोली झाडते आहे. म्हणून मी ठरवलं, पोरगी दाखवतात तसं गाव दाखवायचं. गुण बैठकीत, खोड माजघरात. (आजवर अकरा लग्नं जुळवलीत मी. एक मोडलं, पण ते जेवणावरून.) चिंचोळी एमआयडीसी हिंडवली, चादरी चाचपायला दिल्या, गणवेश शिवणारे कारखाने दाखवले. म्हटलं, "साहेब, हितं अर्धं गाव विणतंय, अर्धं शिवतंय, आन् उरलेलं शेंगाचटणी कुटतंय." दोन अर्धी झाल्यावर उरलं कोण, असं साहेबांनी विचारलं. (पुण्याला राहून माणूस शंकेखोर होतो. तू जप.) मी विषय बदलला. म्हटलं, "विणायला तेलुगू, भाव पाडायला कन्नड, समजूत घालायला उर्दू, आन् भांडायला मराठी हायच की."

मग घरी कडक भाकरी आणि चटणी. साहेबांनी चटणी भाजीसारखी खाल्ली. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "इथं पाणी रोज येतं?" मी म्हटलं, "येतं की." (रोज, असं मी म्हटलेलं नाही.) तेवढ्यात चार दिवसांचा रुसलेला नळ आला. अख्खी गल्ली घागरी घेऊन पळाली, आणि मीही पाहुण्याला अर्ध्या ताटावर सोडून पळालो. परत येऊन बघतो तर साहेब गच्चीवर, टाकीत पाईप धरून उभे. वहिनी खालून सांगत होती, "सोडू नका हां, पाव्हणं. परत चार दिस न्हाय." वर त्यांनी ऊन कसं असतं विचारलं, तर म्हणते, "लई. भिंतीला हात लावू देत न्हाय. पर टावेल वाळतोय की, चहा हुईस्तोवर." साहेब ओल्या बुटांनी गाडीत बसले आणि गेले. तेव्हा स्थळ गेलं असं समज, आणि वहिनीला रागावू नकोस.

तुझा,
प्रभुलिंगकाका

ता. क. : पत्र दोन दिवस माझ्या खिशातच राहिलं. आज साहेबांचा फोन आला, गाव पसंत आहे म्हणून. बाकी गावांनी नुसत्या फायली दाखवल्या, इथं खरं काय ते कळलं, म्हणाले. (खरं सांगायचं मीच ठरवलं होतं, असं मी गल्लीत सांगितलं आहे.)

ता. क. २ : बदलीचा अर्ज तुझ्याकडूनच यायला हवा, असंही म्हणाले. तुझा "बघू" मला ठाऊक आहे, म्हणून अर्ज मीच लिहिला, तुझी सही ठोकली आणि धाडून दिला. सही काही तुझ्यासारखी वठली नाही. नमुना सोबत आहे. इथून पुढं तुला तीच करावी लागेल, तेवढी गिरवून ठेव.