पाचाचे सात

मंगळवार, १० मार्च, कोपर

रविवारी इथे लिहिलं की सात दिवसांची मुदत आधीच ठरली होती. ते खोटं आहे. पाच ठरले होते. दूरच्या दीर्घिकेतून भडका दिसल्यावर पाच दिवसांत दक्षिण ध्रुवाच्या बर्फातल्या दुर्बिणीत न्यूट्रिनोचा कण सापडला, तरच तो तिथला मानायचा. सापडला सहाव्या दिवशी. तो बघितला आणि मी पाचाचे सात केले. कुणी सांगितलेलं? कुणीच नाही.

आज माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. म्हणाले, "अगं, पाच काय नि सात काय! शुक्रवारी पेपर पाठवतोय, आता घोळ नको." बघून बदलले, हे मात्र माझ्या तोंडून निघालंच नाही.

आधी सांगायचं, मग बघायचं, हे शाळेआधी बाबांनीच शिकवलं, खाडीवर. भरती कधी, ते जाळं टाकण्याआधी बोलायला लावायचे. मी नंतर सांगितलं की हसायचे, "म्हावरा गावल्यावर भरतीची येल कोनीपन सांगल, बाय!"

दोन वर्षांत हा एकच न्यूट्रिनो. पाच धरले तर पेपरच उरत नाही. एक दिवस आधी आला असता तर काय बिघडलं असतं त्याचं? नुसती चिडचिड होतेय.

पाचाचे सात कसे झाले, ते सरांना समोर बसून सांगायचं. फोनवर नाही. ठाण्याला जाऊन, गुरुवारी, १२ तारखेला.