माहेरच्या खाडीतलं काळं पाणी

१२ नोव्हेंबर
सकाळी सकाळी दादाचा फोन. माहेरची खाडी काळी झालीय. भरतीबरोबर तेलाचा तवंग आत आला, त्याची दोन्ही जाळी बरबटली. वहिनीने खडकावरून काढलेली कालवं मोरा बंदराच्या बाजारात कोणी हातात घेईना. डिझेलचा वास मारतो म्हणे. "वने, रॉकेलनी धुतलं तरी जात नाय गो," दादा म्हणाला. रडकुंडीला आला होता. माझा मोठा भाऊ!

फोन ठेवला आणि ज्या कोणी हे केलं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सुधीर समोर चहा पीत होता. बार्जवरचा इंजिन ड्रायव्हर, म्हणून त्यालाच विचारलं, कोणाचं काम असेल रे हे? अर्धा कप तसाच ठेवून ड्यूटीला गेला.

१३ नोव्हेंबर
सुधीरनेच सोडलं ते तेल.

इंजिनाखाली तेलकट पाणी साठतं, बिल्ज म्हणतात त्याला. ते जेट्टीवर टँकर बोलावून द्यायचं असतं. टँकरचे पैसे मालकाने द्यायचे. मालक म्हणतो, टँकरवाला बिल लावतो, खाडी लावत नाही. सोड ओहोटीला, जाईल समुद्रात. सु.ने पंप लावला, पंप मधेच अडकला, तो दुरुस्त करेपर्यंत भरती लागली. मग सगळं आत, थेट माझ्या माहेरी.

"ओहोटी चुकली," म्हणतो. म्हणजे ओहोटी साधली असती तर दुसऱ्या कोणाची तरी जाळी काळी झाली असती आणि हा घरी येऊन निवांत जेवला असता! एवढं ओरडले की शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला.

गिऱ्हाइकाचा ब्लाउज शिवायला घेतला आणि बाही उलटी लावली. उसवला. परत उलटीच लावली.

१६ नोव्हेंबर
माहेरी जाऊन आले. सु. आला नाही, कुठल्या तोंडाने येणार. दादाला काही सांगितलं नाही. वहिनी अंगणात जाळं घासत होती, बोटांची सालटी निघालेली. मीही बसले घासायला. आपल्याच नवऱ्याची घाण, सांगायचं कोणाला.

परत निघताना धक्क्यावर बघते तर दादा बोटीचं ऑइल बदलतोय. जुनं काळं ऑइल डब्यात काढलं आणि डबा सरळ पाण्यात उपडा! माझा ताबाच सुटला.

"येवरंसं तं हाय! आमची होरी केवरी न त्यांचा बार्ज केवरा?"

"अरे पण पाणी तेच ना?"

"मंग कुठं नेऊन टाकू? तुझ्या पनवेलला?"

खरंच, कुठे नेणार? ठेवायला टाकी नाही, न्यायला कोणी येत नाही. आला तर पैसे मागतो. फेकणं तेवढं फुकट. याचाच राग येतोय सगळ्यात जास्त. सु.चा मालक काय, दादा काय.

२० नोव्हेंबर
धाकट्या दिराचा, प्रसादचा व्हिडिओ कॉल. तो तिकडे युरोपात नदीवरच्या टुरिस्ट बोटीवर कुक आहे. नदी एकच आणि देश कितीतरी. त्याला म्हटलं, तुमच्या बोटीचं काळं पाणी कुठे जातं रे?

म्हणाला, "वहिनी, एक बोट येते आणि शोषून घेऊन जाते. फुकट."

"फुकट? असं कसं?"

त्याने इंजिनवाल्याला विचारून सांगितलं. फुकट नाही. डिझेल भरतानाच त्यात थोडे पैसे जास्त घेतात, सगळ्या देशांत तेच. त्यातून ती बोट चालते. पैसे आधीच गेलेले, मग फेकून फायदा कोणाचा?

एवढी साधी गोष्ट! आमच्याकडे कोणाच्या डोक्यात का येत नाही? की येते आणि मुद्दाम येऊ देत नाहीत?

२३ नोव्हेंबर
मच्छीमार सोसायटीची मीटिंग. दादा पंच आहे, त्याच्या मागे लागून बोलायला उभी राहिले. होडी असो की बार्ज, डिझेलवर थोडे पैसे लावा, धक्क्यावर टाकी बांधा, घाण फुकट घ्या. झालं! एकच गलका. "आमी पैशे भरायचे न त्यांनी घान करायची?" पुढे मुद्दाम बोलावलेले बार्जवाले बसलेले, त्यात सु.चा मालक. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा.

एका म्हातारीने त्यालाच विचारलं, "मंग आमची जाली काली केली कोनी?"

मालक हात जोडून उठला. "आजी, ड्रायव्हर लोक आमचं ऐकत नाहीत. आमच्या नकळत सोडतात. नाव सांगा, मी स्वतः पोलिसात देतो."

आमच्या नकळत! खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. दादा बाजूलाच होता. गिळलं.

आणि दादा उठून म्हणाला, "नाव आमी काढू." टाळ्या.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते आज कळलं.

२७ नोव्हेंबर
गावाने आडव्या होड्या लावून बार्जची वाट अडवली. नाव द्या, मग सोडू.

मालकाने सु.ला बोलावलं. सु.ने कबूल करायचं की मी माझ्या मनाने सोडलं. दंड मालक भरेल, केस मिटेपर्यंत घरबसल्या पगार. आणि बार्जवाले डिझेलवरच्या पैशांना तयार होतील. हो, तयार होतील, आता ते पैसे गिऱ्हाइकाच्या भाड्यात लावणार आहेत. "तुझ्या बायकोची आयडिया आहे ना? होऊन जाईल." तू नाही म्हणालास तर रामशरण आहेच, असंही म्हणाला. रामशरण म्हणजे बार्जवरचा खलाशी, बिहारचा, पन्नाशी उलटलेला. इथे त्याचं कोणी नाही.

सु. म्हणतो, "पंप तर मीच चालू केला ना."

"आणि सांगितलं कोणी?"

"ते कोण ऐकणार?"

"मी ऐकवते. चल दादाकडे, मालकाचं नाव घेऊन सांगू."

"मग नोकरी? आणि तुझं माहेर?"

त्याला विचार करायला वेळ पाहिजे. घे वेळ. मलाही पाहिजे होता, हेही लिहून ठेवते.

१ डिसेंबर
दादाचा फोन. खूष.

"वने, नाव मिललं! कोन बिहारी खलाशी हाय. मालकानीच पोलिसांना दिला." मग आवाज खाली आणून, "मी घाबरलो व्हतो गो. मना वाटलं आपले जावईच." हसला. "न डिझेलचं पन ठरलं बरं का, टाकी बसतेय. तुझ्यामुलं!"

मला हायसं वाटलं. आधी हायसं वाटलं, मग रामशरण आठवला. त्या हायसं वाटण्याची इतकी किळस आली की ओट्यावरचं भांडं आपटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर माझं कौतुक!

सु.ला सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. "त्याने पंपाला हातही लावला नव्हता," एवढंच म्हणाला.

सगळं खरं सांगून टाकायला मी दादाला परत फोन लावला. रिंग जात होती तेव्हा सु. उठला, हात पुढे केला, "दे इकडे." बोलायला मागत होता की बंद करायला, कळलं नाही. दिला नाही. दादाने उचललाच नाही, धक्क्यावर असेल.

मिस्ड कॉल बघून करेलच. फोन टेबलावर ठेवलाय. या बाजूला मी, त्या बाजूला सु.