काचेवरचे तांदूळ

आये, तुला रेडिओच्या स्टुडिओत बसवलं होतं तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. तू जाऊन किती वर्षं झाली, आणि तू होतीस तोवर त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधी धड बोललोच नाही. म्हणून लिहायला बसलेय. तुला अक्षर कळत नव्हतं, तेव्हा हे पाठवायचा प्रश्न तू असतीस तरी आला नसता.

तेव्हा मी रेडिओ केंद्रात कॅज्युअल होते, महिन्यातले मोजके दिवस काम मिळायचं. मानपाड्याच्या आपल्या घरात रेडिओ पहाटेपासून चालू असायचा. आजूबाजूचे कारखाने सुरू झाले की त्यात खरखर यायची, आणि तू तापलेल्या पोराला थोपटावं तशी त्याला थोपटायचीस. बाजारभाव यायचे, नाट्यसंगीत यायचं, कामगारांसाठी श्रुतिका यायच्या. घाटावरच्या ओव्या यायच्या, तळकोकणातली भजनं यायची. आपल्या इकडचं म्हणून काही नाही. "यांना आपला गाव ठाव हाय का गो?" तू विचारायचीस. केंद्राचा आवाज खाडीपर्यंत यायचा, खाडीचा आवाज केंद्रात कुणी नेत नव्हतं. मी आत शिरले ती हीच चीड घेऊन. एका मीटिंगमध्ये साहेबांना म्हटलं, आमच्या आगरी लग्नांत धवले गातात, माझी आईच गावची धवलारीण आहे. साहेब पुण्याचे, भला माणूस. म्हणाले, "मग बोलवा की आईंना!"

धवलारीण म्हणजे काय हे त्यांना मी नीट सांगितलं नाही, ही माझीच कसूर. आपल्याकडे भटजी मुहूर्तापुरता. हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्न पुढे सरकायचं ते तुझ्या गाण्यावर, आणि त्या गाण्यात नवरा-नवरीचं, त्यांच्या आईबापांचं नाव घ्यावंच लागायचं. साहेबांना वाटलं, लोकगीत आहे.

त्याच सुमाराला घरात माझ्यावरून धुसफूस चाललेली. मी पसंत केलेला मुलगा डोंबिवलीचा, बँकेतला, आपल्या जातीचा नाही. दादाने बजावलेलं, "त्याचा नाव या घरान काराचा नाय." पण एका सकाळी कोलंबी सोलता सोलता, मान वर न करता तू विचारलंस, "त्याचे आईबापाची नावा काय गो?" मला वाटलं, दादाने चौकशी करायला लावलीय. मी तुटकपणे सांगितली.

रेकॉर्डिंगला तू हिरवं लुगडं नेसून, ओटीला तांदूळ बांधून आलीस. गेटवरच्या शिपायाने हटकलं तर त्यालाच उलट विचारलंस, "लगनाला तांदूल नको?" स्टुडिओत दिवा लावू देत नाहीत म्हटल्यावर मात्र जरा खट्टू झालीस. मग साहेबांना म्हणालीस, "नवरा-नवरीची नावा सांगा."

"कुठलीही घ्या हो आई. नुसतं गाणं तर आहे."

"नुसता गाना नाय तो. ज्याचा नाव घेतला त्याचा लगीन लागतंय."

साहेब हसले. काचेच्या अलीकडे, इंजिनिअरच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून मी शरमेने अर्धी झालेली. लाल दिवा लागला. तू डोळे मिटतेस. गावदेवीला बोलावतेस, उंबराला बोलावतेस, खाडीला बोलावतेस. मग नवरीचं नाव येतं, आणि ते माझं असतं. नवरदेवाचं येतं, घरात बंदी असलेलं, आईबापासकट, खणखणीत. माझ्या हातातलं स्टॉपवॉच तसंच राहतं. मी काचेकडे बघतच नाही, कारण बघितलं तर रडू येणार. शेवटी मान वर करते, तर तू ओटी सोडतेस आणि सगळे तांदूळ आमच्या दिशेने उधळतेस. हेडफोनमध्ये गारा पडतात.

"अरे यार, खराब झालं," इंजिनिअर म्हणाला. "मावशी, परत एकदा घेऊ या."

"लगीन दोनदा लागत नाय रं, बाला," म्हणत तू उठलीसच.

साहेबांना ते पंधरा मिनिटांत बसवायचं होतं. "ही नावं सारखी सारखी येतात, श्रोते कंटाळतील," म्हणून त्यांनी ब्लेडने टेप कापली. तांदळांचा आवाज तर दोषच होता, तो पहिला गेला. मी म्हटलं, "सर, नावांशिवाय धवला होत नाही." ते म्हणाले, "ते तुम्हाला माहीत, ऐकणाऱ्यांना कुठे माहीत?"

कार्यक्रम लागला त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी, आवाज स्वच्छ. सगळी आळी आपल्या ओटीवर. दादा पुढ्यात बसलेला, आणि तुला तो तिथेच बसलेला हवा होता. गावदेवी आली, उंबर आला, खाडी आली, आणि एकदम निवेदिकेने कार्यक्रम संपल्याचं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आये, आपला गाव रेडिओवर आला!" दादा हरखून गेलेला. तू उठून मोरीपाशी गेलीस. मी मागोमाग आले.

"नावा कापली?"

"साहेबांनी गो. टाइमसाठी."

तू तेच ते पातेलं विसळत राहिलीस. "मंग लगीन कुनाचा लागला?"

मी हसले, आये. पुढे आम्ही ठाण्याला रजिस्टर लग्न केलं, दादाने मला घर बंद केलं, आणि ते उघडायच्या आत तू गेलीस. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेच राहिलं.

नोकरी पक्की झाल्यावर मी ती टेप शोधली. टेपचा तुटवडा असायचा, म्हणून एकदा प्रसारण झालं की तीच पुसून वापरायची रीत होती. तुझ्या जागी भेंडीवरच्या किडीची माहिती निघाली. मी ती शेवटपर्यंत ऐकली. वाटलं, मागे कुठेतरी तू असशील.

आता उत्तर देते. लगीन माझाच लागला गो. तू गेटबाहेर पडलीस तेव्हा, झाडूवाली यायच्या आत, स्टुडिओच्या गालिच्यावरून सापडतील तितके तांदूळ मी वेचले होते. रजिस्टर ऑफिसच्या जिन्यात, वर जायच्या आधी, ते मी माझ्या डोक्यावर टाकले आणि उरलेले मागून ह्यांच्या. ह्यांना वाटलं, जुन्या छताचा चुना पडला. केस झटकत तसेच सही करायला गेले. आजही कुणी लग्नाचा विषय काढला की त्या पडक्या ऑफिसची आणि चुन्याची गोष्ट रंगवून सांगतात, आणि मी शेजारी बसून हो म्हणते.