अंगणात पळू नको

ती. आईस, पाठ वाकू देते तेवढा वाकून नमस्कार.

मी बरा आहे. इथलं जेवण लई चांगलं आहे. पडत्या विमानातून खुर्चीसकट बाहेर उडालो, त्या झटक्यानं मणका दबला. डॉक्टर म्हणाले, आता उडायचं न्हाय, कधीच. टेबलावरचं काम दिलंय. नव्या विमानांच्या चाचण्या आता माझ्याजागी दुसरे घेतात. माझा उंचीचा विक्रमही परवा त्यातल्या एकानं मोडला.

आप्पांचा गुडघा कसा आहे? बेळगुंदीच्या वेशीवर माझा फोटो अजून आहे काय? असला तर उतरवायला सांग.

सांबऱ्याच्या विमानतळावरचं विमान घरावरनं गेलं की मीच आहे म्हणून तू चूल सोडून अंगणात पळतेस, पदर हलवतेस. त्यात मी कधीच नसायचो गं. आता तर कुठल्याच विमानात नसणार.

भाकरी करपू देऊ नको.

तुझा,
केदारी